भूतानची प्राडो, हिमाचलचा नंबर आणि पाच लाखांचं टोकन

वाचकाचं पत्र: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, मोहोळकडे शेती आहे. फिरायला दणकट फोर बाय फोर गाडी हवी आहे. मेहुण्याच्या ओळखीच्या एका एजंटाने लँड क्रुझर प्राडो दाखवली. २०११ ची, डिझेल, हिमाचलची नोंदणी, किंमत १६ लाख. गाडी मुळात भूतानमधल्या सरकारी लिलावातली, जयगावहून रस्त्याने भारतात आली, भूतानशी मुक्त व्यापार असल्यामुळे कस्टम ड्युटी लागत नाही आणि म्हणूनच स्वस्त पडते, असं तो सांगतो. एनओसी आणून एमएच-१३ नंबर करून देण्याची हमीही देतो. आरसी अॅपवर दिसते. पाच लाख रोख टोकन मागतोय, त्यातले ५० हजार मी यूपीआयने दिले. गाडी घ्यावी का? घेऊ नये म्हणाल, तर शेजारच्या देशातून रीतसर गाडी आणायची वाट काय? — एक वाचक, सोलापूर

घेऊ नका. उरलेले साडेचार लाखही देऊ नका. एजंटाने सांगितलेली हकीकत खरी असेल तर ही गाडी भारतात कायदेशीर असूच शकत नाही. हकीकत खोटी असेल, तर खोटं सांगून गाडी विकणाऱ्याशी व्यवहार करण्याचं कारण उरत नाही.

आधी त्या मुक्त व्यापाराचं बघू. भारत आणि भूतानमध्ये करार आहे आणि भूतानमध्ये तयार झालेल्या मालावर भारतात सीमाशुल्क लागत नाही, इथपर्यंत एजंट बरोबर आहे. पण ही सवलत माल कुठून आला यावर नाही, कुठे बनला यावर मिळते. प्राडो जपानमध्ये बनते. भूतानमध्ये दहा वर्षं वापरली, तिथल्या सरकारी खात्याने लिलावात काढली, तरी ती जपानी गाडीच राहते आणि भारतात येताना तिच्यावर पूर्ण कर लागतो. भूतानच्या खासगी गाड्या ‘बीपी’ने सुरू होणारे नंबर लावून आपल्या रस्त्यांवर येतात-जातात, त्यात गैर काही नाही. पण ती ये-जा परत जाण्यासाठीची असते. तीच गाडी इथे विकली की कर न भरलेली आयात झाली.

आता वापरलेली गाडी आयात करण्याचे नियम. ते परकीय व्यापार महासंचालनालय ठरवतं आणि ते मुद्दाम कडक ठेवलेले आहेत. गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. आयातीनंतर किमान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिची सर्व्हिस होईल याची हमी द्यावी लागते. जहाजात चढवण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यायची आणि इथे उतरल्यावर, कस्टम्समधून सुटण्याआधी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, पुण्याची एआरएआय किंवा मध्य प्रदेशातलं बुदनीचं केंद्र अशा संस्थेचा दाखला आणायचा. आणि वापरलेल्या गाडीला प्रवेश फक्त मुंबईच्या बंदरातून आहे.

तुमच्या प्राडोला यातल्या दोन अटी आडव्या येतात आणि त्यातली एकही पुरेशी आहे. २०११ ची गाडी २०१४ नंतर आयात होऊ शकत नव्हती. आणि जयगाव हा पश्चिम बंगालमधला जमिनीवरचा नाका आहे, पलीकडे भूतानचं फुंत्शोलिंग. तिथून वापरलेली गाडी विक्रीसाठी आत आणायची सोयच नियमात नाही. ‘रस्त्याने आली’ हे एजंटाचं वाक्य म्हणजे त्याच्या तोंडून आलेली कबुली आहे.

किमतीवरूनही हे कळतं. वापरलेल्या मोटारीवर फेब्रुवारी २०२५ पासून मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के, मिळून १३७.५ टक्के लागतात. त्या एकूण रकमेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. तीन लिटर डिझेल इंजिनाच्या मोठ्या गाडीला सप्टेंबर २०२५ पासूनचा दर ४० टक्के. समजा दोन वर्षं वापरलेली अशी गाडी शेजारच्या देशात मिळाली आणि विमा-वाहतुकीसह मुंबई बंदरात तिची किंमत ३० लाख धरली गेली. १३७.५ टक्क्यांनी ४१ लाख २५ हजार होतात, बेरीज ७१ लाख २५ हजार. त्यावर ४० टक्के म्हणजे २८ लाख ५० हजार. गाडी बंदरातून सुटेपर्यंत ९९ लाख ७५ हजार. तपासणी, बंदराचं भाडं, कस्टम्स एजंटाची फी आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर अजून बाकीच आहे. पावती कमी रकमेची केली तर कर कमी लागेल, असंही काही जण सुचवतात. कस्टम्स जुन्या गाडीची पावती डोळे झाकून मान्य करत नाही. कारखान्याच्या यादीतली नव्या गाडीची किंमत घेऊन, त्यातून ठरलेला घसारा वजा करून, ते स्वतः मूल्य काढतात.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आलं. शेजारच्या देशातून रीतसर गाडी आणता येते, पण ती स्वस्त कधीच पडत नाही. नेपाळमध्ये मोटारींवर इतका कर आहे की आपल्याकडे बनलेलीच गाडी तिथे आपल्यापेक्षा कितीतरी महाग मिळते. बांगलादेश आणि श्रीलंकेत जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर दिसतात, पण त्या त्यांचा कर भरून आलेल्या असतात. इथे आणताना आपला कर पुन्हा पूर्ण भरावा लागतो. पाकिस्तानातून मे २०२५ पासून आयातच बंद आहे. ‘परदेशातून परत येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानात आणू’ ही युक्तीही कामाची नाही, कारण सीमाशुल्क कायद्यातल्या सामानाच्या व्याख्येतून मोटार वाहन स्पष्टपणे वगळलेलं आहे. कार्नेवर, म्हणजे कर न भरता तात्पुरती गाडी आणण्याच्या परवान्यावर, आलेली परदेशी गाडी ठरावीक मुदतीत परत न्यायची असते, विकायची नसते.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न: हे सगळं असं आहे, तर आरसी अॅपवर दिसते कशी?

दिसते, कारण कुणीतरी नोंद केली आहे. अॅप तुम्हाला नोंद दाखवतं. ती नोंद कोणत्या कागदांवर झाली ते दाखवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४७ व्या नियमाप्रमाणे आयात गाडीच्या पहिल्या नोंदणीला कस्टम्समधून सुटल्याचा दाखला लागतो. सैन्याने काढून टाकलेल्या गाडीसाठी मात्र लष्करी अधिकाऱ्यांनी फॉर्म २१ मध्ये दिलेलं विक्री प्रमाणपत्र चालतं. गडबड बहुधा या दुसऱ्या दाराने होते. २३ सप्टेंबर २०२५ ला कोचीच्या सीमाशुल्क प्रतिबंधक विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने केरळात छापे घातले आणि भूतानमधून आणलेल्या तीसहून जास्त गाड्या ताब्यात घेतल्या. कस्टम्सच्या म्हणण्याप्रमाणे भारतीय सैन्य, परदेशी वकिलाती आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्या नावाचे बनावट कागद वापरून या गाड्यांची हिमाचलसारख्या लांबच्या राज्यांत नोंदणी झाली आणि मग त्या केरळात विकल्या गेल्या. तुमच्या पत्रातल्या हकिकतीशी हे किती जुळतं ते पाहा.

एक राज्य बदललं की कागदांवर एक थर चढतो. हिमाचलची एनओसी घेऊन सोलापुरात एमएच-१३ मिळाला तर पुढच्या गिऱ्हाइकाला फक्त महाराष्ट्राची आरसी दिसेल. पण एनओसीने इतकंच सिद्ध होतं की त्या कार्यालयाच्या दृष्टीने कर थकलेला नाही, गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही आणि ती दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही. सीमाशुल्क भरलं की नाही याबद्दल एनओसी काहीच सांगत नाही. कितीही नंबर बदलले तरी न भरलेला कर भरला जात नाही, तो गाडीच्या मागेच राहतो. म्हणून परदेशी गाडीत आधी पाहायचा कागद एकच: बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात करताना कस्टम्सकडे दाखल केलेला मालाचा कागद.

तुम्ही गाडी घेतली आणि पुढे ती पकडली गेली तर काय? कस्टम्स सीमाशुल्क कायद्याच्या ११० व्या कलमाखाली गाडी ताब्यात घेतं, १११ व्या कलमाखाली सरकारजमा करू शकतं. ही कारवाई मालावर चालते, त्यामुळे ‘मी पूर्ण पैसे देऊन घेतली, मला ठाऊक नव्हतं’ हे खरं असलं तरी त्याने दंडातून सुटायला मदत होईल, गाडी वाचेलच असं नाही. तात्पुरती सुटका मागता येते, पण हमीपत्र आणि बहुधा बँक गॅरंटी देऊन. दुसरीकडे मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे खोट्या कागदांवर मिळालेली नोंदणी आरटीओ रद्द करतो. नोंदणी रद्द झालेल्या गाडीचा अपघाताचा दावा विमा कंपनी सहज मान्य करणार नाही. १६ लाख गेल्यावर वकिलाचा खर्च सुरू होतो.

तरीही खात्री करून घ्यायची असेल तर एक दिवस पुरतो.

पहिल्यांदा आरसीवरच्या दोन तारखा शेजारी ठेवा: गाडी बनल्याची आणि पहिल्या नोंदणीची. २०११ ची गाडी भारतात नवी विकली गेली असेल तर पहिली नोंदणी २०११ किंवा २०१२ ची असेल. ती २०२० नंतरची असेल तर तिथेच थांबा. १ एप्रिल २०२० पासून नवी नोंदणी फक्त बीएस-६ गाडीची होते आणि २०११ चं डिझेल इंजिन त्यात बसत नाही.

मग एजंटाकडून बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदराचं नाव लेखी मागा. नुसती झेरॉक्स पुरेशी नाही, ही तीन माहिती हवी. कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर ती टाकून बिल ऑफ एन्ट्रीची स्थिती पाहता येते. बिल ऑफ एन्ट्रीच्या कागदातला चासी नंबर, इंजिन नंबर आणि आयातदाराचं नाव गाडीशी आणि पहिल्या मालकाशी जुळलं पाहिजे. ‘लिलावाची गाडी आहे, बिल ऑफ एन्ट्री नसतं’ असं उत्तर आलं तर दुसरं काही विचारू नका.

गाडी प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा ओळखीचा मेकॅनिक आणि टॉर्च सोबत घ्या. अशा लोखंडी चौकटीच्या गाड्यांत चासी नंबर बहुधा उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला चौकटीवर ठोकलेला असतो. वायर ब्रशने माती काढा. आकडे एका रेषेत आणि सारख्या खोलीचे आहेत का, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, तेवढ्याच जागेवर ताजा काळा रंग मारलाय का, हे बघा. तोच नंबर बॉनेटखालच्या पाटीवर असतो, तिथेही ताडून पाहा. पाटीचे रिव्हेट बदललेले दिसले तर ते लिहून ठेवा. भारताबाहेरच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीत सीटबेल्टच्या किंवा एअरबॅगच्या चिठ्ठ्या वेगळ्या भाषेतही आढळतात.

इथे एक शक्यता सांगायला हवी. टोयोटाने प्राडो भारतात स्वतः आयात करून अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकली होती. क्वचित असंही असेल की गाडी तशीच रीतसर विकलेली आहे आणि भूतानची कथा एजंटाने नुसती रंगवली आहे. तसं असेल तर भारतीय विक्रेत्याचं मूळ बिल, फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र आणि पहिल्या नोंदणीची फाइल असलीच पाहिजे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन गाडी भारतात विकलेली आहे का आणि सर्व्हिसचा इतिहास काय, हे विचारता येतं. हिमाचलमध्ये नोंदणीचं काम उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे असतं. पहिल्या नोंदणीच्या फाइलची साक्षांकित प्रत विकणाऱ्यानेच तिथून आणून द्यायला सांगा.

कागद खरे निघाले तरी हिशेब पुन्हा करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०११ ची नोंदणी २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणाची केंद्राची फी साध्या मोटारीला ५ हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार आहे. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर आणि फिटनेसची तपासणी. त्याच पैशात पुण्यात किंवा सोलापुरातच इथे बनलेली, पूर्ण सर्व्हिस नोंद असलेली जुनी फॉर्च्युनर मिळू शकते. तिच्या जुन्या तीन लिटर डिझेलचं इंजिन प्राडोच्याच घराण्यातलं आहे आणि सुटे भाग कुठेही मिळतात. आमचं मत विचाराल तर मोहोळच्या शेतरस्त्याला ती भरपूर झाली.

सीमेपलीकडून गाडी घ्यायचीच असेल तर सोलापूरकरांना खरी सोयीची सीमा भूतानची नाही, भीमेपलीकडची आहे. विजयपूर, इंडी, कलबुर्गी इथे जुन्या गाड्यांचा बाजार चांगला आहे आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर गाडी स्वतः चालवून पाहता येते. त्या व्यवहाराची वाट सरळ आहे, फक्त मध्ये थांबायचं नाही. केए-२८ किंवा केए-३२ ची गाडी घेताना आधी कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन आरसीवरची नोंद उतरवायला लावा. मग विकणाऱ्याने आपल्या आरटीओकडून फॉर्म २८ म्हणजे एनओसी काढायची. एनओसीवर तुमच्या पत्त्याचं कार्यालय अचूक हवं. मोहोळ आणि शहराचा पत्ता असेल तर सोलापूर, एमएच-१३. अकलूज, माळशिरसकडचा असेल तर एमएच-४५. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने एनओसी आली की पुन्हा पलीकडे खेटे.

मालकी बदलासाठी विकणाऱ्याची सही फॉर्म २९ वर, दोघांची फॉर्म ३० वर. तुम्ही नव्या नंबरसाठी फॉर्म २७ भरायचा. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि चासी नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप. गाडी आरटीओत दाखवावी लागते. घेणाऱ्याने मालकी बदलाचा अर्ज ३० दिवसांत करायचा आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची असेल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यायचा. कर्नाटकाचा नंबर, जुन्याच मालकाचं नाव आणि सह्या केलेले कोरे फॉर्म डॅशबोर्डमध्ये, अशा गाड्या सोलापुरात फिरताना दिसतात. अपघात झाला तर त्या मालकालाही आणि चालवणाऱ्यालाही जाच होतो.

महाराष्ट्राचा एकरकमी कर इथे नव्याने भरावा लागतो. नव्या पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के असा दर आहे आणि जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो. नेमका आकडा गाडी ठरवण्याआधी आरटीओतून काढून घ्या, म्हणजे घासाघीस करताना तो किमतीत धरता येतो. कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग इथे नोंदणी झाल्यावर परत मागता येतो. तो पैसा कोणाचा, हे सौदापत्रातच लिहा, नाहीतर नंतर त्यावरून वाद होतो. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. तोवर तृतीय पक्षाचं संरक्षण चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. हल्ली जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून फॉर्म २९ ब चं अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते आधी पाहायला मागा.

आता तुमचे ५० हजार. एजंटाला आजच व्हॉट्सअॅपवर लिहा, फोनवर बोलू नका. तीन गोष्टी मागा: बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक, तारीख आणि बंदर, पहिल्या नोंदणीच्या फाइलची साक्षांकित प्रत, त्याचं व्यापारी अधिकारपत्र. तीन दिवसांची मुदत द्या आणि कागद आले नाहीत तर रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करा असं त्याच संदेशात लिहा. जाहिरात, गाडीचे फोटो, यूपीआयची पावती आणि ‘ड्युटी लागत नाही’ असं त्याने लिहिलेले संदेश वेगळे जपून ठेवा. उरलेली रक्कम रोख मागण्याचंही कारण समजून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि रोख दिलेल्याचा पुरावा तुमच्याकडे राहणार नाही. पैसे आले नाहीत तर तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फसवणुकीची लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मेहुण्याच्या ओळखीचा माणूस आहे म्हणून तक्रारीला महिनाभर उशीर करू नका. तोवर गाडीही जागेवर राहणार नाही.

आणखी एक, हे पैशांपेक्षाही तातडीचं आहे. आधार, पॅनच्या प्रती किंवा सही केलेला कोरा फॉर्म ३० त्याला दिला असेल तर परत मागून घ्या आणि परत मिळाल्याचं लेखी घ्या. ‘नुसती एनओसीची प्रोसेस सुरू करतो, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सांगू नका. परिवहनच्या अनेक सेवा आता आधारच्या ओटीपीवर चालतात, आणि ती गाडी तुमच्या नावावर चढली की कस्टम्सची नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.